लग्नपत्रिकांच्या पाठीवरचे शब्द

मला न कळलेला मराठी शब्द मी कुणाला विचारत नाही. विचारलं की समोरचा आधी हसतो आणि मग सांगतो, आणि सांगितलेलं त्या हसण्यात हरवून जातं. त्यापेक्षा मी शब्द मनातल्या मनात मोडून बघते. पुढचा तुकडा, मधला तुकडा, शेपूट. त्यातला एखादा तरी ओळखीचा निघतो. ही युक्ती मला शाळेत इंग्रजीच्या मिसनी शिकवली होती. पुढे ‘अन’ लागलं की उलटं, ‘री’ लागलं की पुन्हा, मागे ‘लेस’ लागलं की त्याच्याशिवाय. मराठीचे तास आमच्याकडे थोडेच असायचे, आणि गॅदरिंग जवळ आलं की पहिले तेच जायचे. त्यामुळे जन्मापासून कोल्हापुरात राहूनही मी मराठी वाचते ती परक्या गावात पत्ता शोधल्यासारखी.

घरात हे कुणाला नीट माहीत नव्हतं. मी कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाला सगळं येतं असा लोकांचा समज असतो. मी तो कधी मोडला नाही.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, पण त्याबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत. हातकणंगले तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत ती पहिली-दुसरीला शिकवायची. सकाळी सगळ्यांचे डबे करून एसटीने जायची, संध्याकाळी आली की पुन्हा स्वयंपाकघरात. ती निवृत्त होणार म्हणून गावाने सत्कार ठरवला. शाळेतले एक गुरुजी मानपत्राचा कच्चा मसुदा घेऊन घरी आले. चहा घेता घेता त्यांनी सांगून टाकलं की वाचणार ती भाचीच. बाईंनी वर्षानुवर्षं आमचे कान किटवलेत, भाची इंग्लिश मिडियमची, भाची पहिली आली म्हणून. आता गावालाही ऐकू द्या की.

आईला फार बरं वाटलं. बाबांना त्याहून. मला नाही म्हणता आलं नाही. ‘मला मराठी वाचता येत नाही’ हे वाक्य मराठीतच म्हणावं लागलं असतं.

दुपारी घरात कुणी नसताना मी तो कागद घेऊन बसले आणि पेन्सिलीने शब्दांमध्ये उभ्या रेघा मारू लागले. आत्या शाळेतून लवकर आली ते मला कळलंच नाही. तिने मागून कागद बघितला आणि म्हणाली, “हे काय गं? भेंडी चिरल्यागत?”

मी कागद उलटा ठेवला. तिने तो सुलटा केला. लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी खाली बघत सांगितलं की अर्थ कळला तर वाचताना अडखळणार नाही. ती हसली नाही. समोर बसली आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, “निरलस. ह्याचं काय समजलीस?”

“जिनं लस घेतली नाही अशी,” मी म्हणाले.

मग मात्र ती हसली. “दोन घेतल्या की. दुसरीला दंड सुजलावता.” पुढचा शब्द होता ‘अनुकरणीय’. मी तो ‘अन’ आणि ‘उकरणीय’ असा तोडला होता, म्हणजे जे उकरून काढता येत नाही असं काहीतरी. तिने पदराने डोळे पुसले. “गुरुजींना सांगू नगंस. झुरंल बिचारा.”

तिच्या हसण्याने लाज वाटली, पण नेहमीसारखी नाही. पहिलीच्या मुलांना ती अशीच हसत असणार, असं वाटून गेलं.

मग तिने कपाटातला डबा काढला. आमच्या घरी आलेली एकही लग्नपत्रिका रद्दीत जायची नाही. आत्या त्यांच्या कोऱ्या पाठीच्या पट्ट्या कापायची आणि त्यांवर स्केचपेनने मुलांसाठी शब्द लिहायची. तिने मानपत्रातले अवघड शब्द एकेका पट्टीवर लिहिले आणि कात्रीने जिथे तुटतात तिथे तोडले. निर आणि आळस. नि आणि गर्व. निः आणि स्वार्थ. अ आणि थकणं. अविरतमधला अ, आणि विरत म्हणजे थांबलेला. ‘अजातशत्रू’ला तिने कात्री लावली आणि म्हणाली, “ज्याचा शत्रूच जन्मला न्हाय असा. आमच्या जुन्या हेडमास्तराला इचार, जन्मला का न्हाय ते.” शेवटी निर आणि अपेक्षा.

पलंगावर दोन ढीग झाले. एकीकडे अ, नि, निर असले बारके तुकडे. दुसरीकडे उरलेले. कुणाच्या तरी गणपतीचा अर्धा कान, कुणाच्या नावाची सोनेरी मात्रा त्यांच्या मागच्या बाजूला दिसत होती. आत्या त्या दुसऱ्या ढिगाकडे बघत राहिली.

“माझं काय काय काढून घेतलंय बघ,” ती म्हणाली. सहज म्हणाली. मग त्यातली ‘आळस’ची पट्टी उचलून, “हे तर मला लई आवडलं असतं.”

मला तेव्हा आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. आमच्या पंगतीत ती कधी बसल्याचं मला आठवेना.

आमच्या घरी त्या वेळी एक गोष्ट ठरून गेली होती. माझा दादा पुण्यात नोकरीला. त्याचं बाळ लहान, वहिनीची रजा संपत आलेली. आत्या निवृत्त झाली की पुण्याला जाऊन बाळाला बघेल, असं आई जेवताना म्हणाली होती, “वन्सं आता मोकळ्याच की.” बाबांनी मान हलवली होती. आत्या तेव्हा पोळ्या लाटत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारलं नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला ते त्या पट्ट्यांसमोर कळलं.

तेव्हाच तिने मला सांगितलं. तिची एक मैत्रीण, त्याच शाळेतून आधी निवृत्त झालेल्या बाई, हातकणंगल्यात स्टेशनाजवळ एकट्या राहतात. त्यांच्या माडीवरची खोली रिकामी आहे. आत्याला तिथे राहायचं होतं. काय करायचंय तिथे, असं मी विचारलं. तिने थोडा विचार केला. काही नाही, म्हणाली. सकाळी उशिरा उठायचं, दोघींनी चहा प्यायचा, रेल्वे बघायची.

“पण तुझ्या बाबाला सांगायचं कुणी? मी बोलले की भांडण व्हतंय. तुझं मनावर घेतो त्यो.”

“मी सांगते,” मी म्हणाले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पट्ट्यांना रबर लावून त्या डब्यात टाकल्या.

मी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी वाक्य तयार करायचे. इंग्रजीत ते लगेच व्हायचं, पण बाबांशी इंग्रजीत बोललं की ते वकिलाकडे गेल्यासारखे ताठ बसतात. मराठीत पहिल्या दोन शब्दांपुढे मला जाता यायचं नाही. एकदा मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, वाचनाची तयारी झाली का. मी ‘झाली’ म्हणाले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी आईने पुण्याला न्यायला आत्यासाठी नवी बॅग आणली. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी बॅगेची चेन उघडून बघत राहिले, चांगली आहे म्हणाले.

सत्कार शाळेच्या पटांगणात होता. मंडप, लाल खुर्च्या, समोर बसलेली मुलं, मागे त्या मुलांचे आईबाप, ज्यांना आत्यानेच मुळाक्षरं शिकवली होती. आत्याला फेटा बांधला होता आणि ती त्यात लहान दिसत होती. कुटुंबातर्फे बाबा बोलले. बाबा चांगले बोलतात. आमच्या अक्काने सगळ्या गावासाठी केलं, आता ती नातवासाठी करणार, पुण्याला चालली, असं त्यांनी सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. बायकांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या, नशीबवान म्हणून. आत्या मांडीवरच्या नारळाकडे बघत होती.

मग माझं नाव पुकारलं.

मी वाचलं. निरलस, निगर्वी, निःस्वार्थ, सगळं नीट वाचलं. प्रत्येक शब्द कुठे तुटतो हे मला ठाऊक होतं, त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा तेही कळत होतं. ‘आपण निरपेक्ष वृत्तीने’ इथवर आले आणि शाळेसमोरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर निघाला. त्याच्यावर लावलेलं गाणं इतकं मोठं की माझा आवाज मलाच ऐकू येईना. गुरुजींनी हाताने थांबायची खूण केली. सगळे थांबले. एक ट्रॉली गेली, मागची गेली, गाणं हळूहळू कारखान्याच्या दिशेला लहान होत गेलं.

तेवढा वेळ माझ्या हातात माईक होता. समोर बाबा पहिल्या रांगेत बसले होते, माझ्याकडे कौतुकाने बघत. आत्याही बघत होती. तिच्या बघण्यात मागणं काही नव्हतं. ती फक्त ट्रॅक्टर जायची वाट बघत होती, सगळ्यांसारखी. निदान मला तसं समजायचं होतं. गाणं थांबलं आणि मी पुढचं वाक्य वाचलं.

टाळ्या माझ्यासाठीही पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, इंग्लिश मिडियमची हाय, पण मराठी बघ कसली.

शेवटी आत्या बोलायला उठली. सुरुवात तिने शाळेतल्या मराठीत केली. मान्यवर, ग्रामस्थ, विद्यार्थी मित्रहो. आभार मानले. मग फेटा थोडा मागे सारला आणि तिची भाषा घरची झाली.

“आमच्या भाचीनं मानपत्र लई गोड वाचलं. त्यात एक शब्द तेवढा बरोबर न्हाय. गुरुजी, राग मानू नगा. निरपेक्ष म्हटलंय. मी निरपेक्ष न्हाय. मला अपेक्षा हाय, एकच हाय. हितनं पुढं मी आपल्या जुन्या बाईंच्या माडीवर ऱ्हाणार, हातकणंगल्यात. नातवाला बघायला जाईन की पुण्याला. पण पावणी म्हणून.”

लोक हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करतायत, बाई वर्गातही अशाच बोलायच्या. टाळ्या वाजल्या. बाबांनीही वाजवल्या, कारण शेजारचे सरपंच वाजवत होते. आईने मात्र हात मांडीवर ठेवले होते.

परत येताना बाबा गाडी चालवत होते, आई त्यांच्या शेजारी. मागे आत्या आणि मी, मधे फ्रेम केलेलं मानपत्र, साड्या, नारळ, पेढ्यांचे बॉक्स. गाव मागे पडलं. मग बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

“तुला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणाले.

हा शब्द मला कधीच अवघड गेलेला नाही. आत्या खिडकीबाहेर बघत होती. तिने ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण तिचा हात फ्रेमवर होता आणि तो जरासा हलला. पुढे वळण आलं तेव्हा ती बाबांना म्हणाली, “सावकाश चालीव. नारळ घरंगळतोय.” एवढंच.

बाबा काही दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आई बोलली, पण माझ्यामार्फत. बाळ पाळणाघरात जाऊ लागलं आणि तिथे रुळलं. नवी बॅग घेऊन आत्या हातकणंगल्याला गेली. सामान फार नव्हतं. शब्दांचा डबा तिने नेला.

मी अधूनमधून रविवारी मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने तिच्याकडे जाते. दर वेळी वाटेत वाक्य तयार करते. ‘त्या दिवशी गाडीत मी बाबांना खोटं सांगितलं’, इथून सुरू होणारं. आता ते मराठीतही पूर्ण जमतं, प्रत्येक शब्द जागच्या जागी. माडीवर गेल्यावर आत्या चहा टाकते. ती आता आंघोळीआधी चहा पिते, पाय वर घेऊन बसते, आणि रेल्वे आली की बोलणं मधेच थांबवून बघते. तिने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मीही नाही.

मागच्या वेळी तिची मैत्रीण वर आली होती. भिंतीवरच्या मानपत्राकडे आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, हीच न्हवं का ती मानपत्र वाचलेली?

“व्हय, हीच,” आत्या म्हणाली आणि माझ्यापुढे खारीचं ताट सरकवलं. “एक शब्द चुकली न्हाय.”

मी खारी उचलून चहात बुडवली. ती जास्त वेळ बुडवली गेली आणि तुटून आत पडली. आत्याने चमचा आणायला म्हणून पाठ फिरवली, आणि ती वळेपर्यंत मी काहीच बोलले नाही.