दिलीपची ढालींची रांग

आज सुताला लावलेल्या खळीचा वास आला आणि वडगावातलं ते कॉम्प्युटर सेंटर आठवलं. चुलतभाऊ दिलीप आणि मी शेजारी बसून लढाईचा गेम खेळत होतो. माझं घोडदळ, त्याचं जुन्या इंग्लंडातल्या सॅक्सनांचं पायदळ. पुढं ढालीला ढाल भिडलेली रांग, मागं लांब दांड्याचे कुऱ्हाडवाले. माझे घोडे त्या रांगेवर आपटून माघारी फिरत होते.

तेवढ्यात माझे वडील, आप्पा, हातमागावरून उठून आम्हाला जेवायला बोलवायला आले आणि दिलीपच्या मागं थांबून बघत राहिले.

“लई घट्ट वीण हाय रं तुझी,” म्हणत आप्पांनी खळीचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

दोन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या मागावर साड्या विणत होतो. माझ्या विणीला ते कधी घट्ट म्हणाले नव्हते. वाटेत दिलीपच्या शर्टाला तो वास येत होता, आणि मी मुद्दाम चार पावलं मागं चाललो.

आप्पा गेले त्याला बरीच वर्षं झाली. आज दिलीपला त्यांचं ते बोलणं सांगितलं.

“असं म्हणालते व्हय?” तो म्हणाला. त्याला काहीच आठवत नव्हतं.

आप्पांनी शब्द दिले त्याला, आणि इतकी वर्षं ते सांभाळत बसलोय मी.