अर्धा राहिलेला पेपर

नमस्कार मंडळी. इथले अनुभव बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदा. खरं सांगायचं तर वाचायचो तेही हसायलाच. माझा धंदा इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीचा, सांगलीजवळ माधवनगरला. "बंद केला तरी आपोआप वाजतो हो, घरात काहीतरी आहे," म्हणून लोक बोलावतात. मी झाकण उघडतो तर आत मुंग्या, नाहीतर मेलेली पाल. बावीस वर्षांत दुसरं काही निघालेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

मला नाद आहे जुन्या कॉम्प्युटरचा. लोकांनी माळ्यावर टाकलेली मशिनं आणायची, उघडायची, साफ करायची, जमलं तर चालू करायची. वरच्या खोलीत अशी अकरा आहेत. बायको, मनीषा, त्या खोलीला दवाखाना म्हणते.

बारावं मशीन वाईहून आणलं. तिथल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, घाटाजवळ पेंडसे मॅडम राहतात, पूर्वी त्यांचा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास होता, एक मशीन अजून पडून आहे. गेलो. मॅडम चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आवाज अजून वर्गात असल्यासारखा खणखणीत. मशीन दिलं आणि म्हणाल्या, "चालू झालं तर कळव. नाही झालं तर कळवू नकोस."

तीनशे शहाऐंशीचं, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीच्या काळातलं मशीन... ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बोर्डवरची बॅटरी गळून सगळं हिरवं पडलं होतं. बॅटरी काढून टाकली, बोर्ड धुतला, खाल्लेल्या जागी केसासारखी बारीक तार जोडली. हार्डडिस्क जाम होती, तीही काढून बाजूला ठेवली. कीबोर्डची बटणं साबणाच्या पाण्यात धुऊन वर्तमानपत्रावर वाळत टाकली होती. हे सगळं मुद्दाम सांगतोय. डिस्क नाही, फ्लॉपी नाही, कीबोर्ड नाही. म्हणजे या मशीनकडे लक्षात ठेवायला काही नव्हतं आणि त्याला काही सांगायलाही कुणी नव्हतं.

होळीच्या आधीचा रविवार. दुपारचे तीन-सव्वातीन. खाली टीव्ही चालू होता. मी बटण दाबलं. पडद्यावर मेमरी मोजली गेली. आता कीबोर्ड सापडत नाही म्हणून एक ओळ यायला हवी होती. त्याऐवजी पडदा पुसला गेला... आणि अक्षरं उमटायला लागली.

एकदम नाही, एकेक. कुणीतरी टाइप करतंय तशी. इंग्रजी व्यापारी पत्र होतं, तेही मधूनच सुरू झालेलं. पहिलाच शब्द 'ब्रोकन'. पुढे पेट्या, वाहतूक, भरपाई असलं काहीतरी. मधे हात अडखळायचा. 'रिसीव्ह' आलं की स्पेलिंगमधले ई आणि आय उलटे पडायचे, मग तेवढं खोडून नीट केलं जायचं. तीनदा आलं, तीनही वेळा तसंच.

मी भ्यालो का? नाही. मला वाटलं, बोर्डवरच्या चिपमध्ये कुणीतरी गमतीचा प्रोग्रॅम भरून ठेवलाय. तीन-चार ओळी झाल्यावर सुचलं आणि मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. दीड मिनिटानं 'युवर्स फेथफुली' आलं आणि अक्षरं थांबली. मी बंद करून पुन्हा चालू केलं, तर कीबोर्ड नाही म्हणून मशीनची नेहमीची तक्रार. त्यानंतर पंधरा-वीस वेळा चालू केलंय, दर वेळी तीच तक्रार.

मशीन चालू झालं हे कळवायचं म्हणून तो व्हिडिओ मॅडमना पाठवला. बाकी काही लिहिलं नाही. दहा मिनिटांत फोन.

"सुनील, हे टाइप कोण करतंय?"

"कुणी नाही मॅडम. आपोआप आलं."

त्यांनी विचारलं, "सुरुवात कुठून झाली होती?"

मी 'ब्रोकन' सांगितलं. पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी जतकडचा एक मुलगा क्लासला होता, बिराप्पा. घरी मेंढरं. वाईत वसतिगृहावर राहायचा. पास झाला तर साताऱ्यात एका ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागणार होता, मॅडमनीच शब्द टाकला होता. क्लासची परीक्षा याच मशीनवर चालू होती. अर्धा पेपर झाला आणि क्लासवर फोन आला, वडिलांचं काही खरं नाही, लगेच पाठवा. मॅडमनी त्याच क्षणी त्याला सांगितलं. तो 'फाउंड' या शब्दावर उठला आणि गेला तो गेलाच. मॅडमनी दोन कार्डं टाकली, उत्तर आलं नाही.

"पुढचा शब्द 'ब्रोकन' होता," त्या म्हणाल्या. "आणि ते रिसीव्ह त्याचंच. वर्षभर मी त्याच्या कानीकपाळी ओरडले होते. टायपिंगलाही अक्षर असतं रे, हातानं लिहिल्यासारखं."

तुमच्या मनात आलं असेल तेच माझ्याही मनात आलं. मुलगा गेला असणार. त्या रात्रीच मशीन पुन्हा उघडलं.

चिप काढून माझ्याकडच्या यंत्रावर वाचली. आत नेहमीचा प्रोग्रॅम, बाकी काही नाही. हार्डडिस्क पुण्याच्या एका माणसानं उघडून पाहिली. वाचता आलं त्यात विद्यार्थ्यांची यादी होती, पत्र नव्हतं.

जतला माझा एक बॅटरीवाला ओळखीचा आहे. मॅडमकडून गावाचं नाव घेऊन त्याला चौकशी करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "बिराप्पा व्हय? हाय की. पाण्याचा टँकर चालवतोय. का वं?"

मी गावाचं आणि माणसाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मेला असता तर निदान... काहीतरी म्हणता आलं असतं.

मॅडम एसटीनं सांगलीला आल्या. तिथून माझ्या गाडीनं आम्ही बिराप्पाच्या गावी गेलो. घरासमोर टँकर उभा होता. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा माणूस, कानावरचे केस पिकलेले. मॅडमना बघून त्यानं आधी पायातली चप्पल काढली, मग पाया पडला. त्याच्या बायकोनं कानडीत काहीतरी विचारलं, त्यानं कानडीतच सांगितलं. एवढंच कळलं की त्यात 'टीचर' होतं.

त्याला व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला त्यानं.

"रिसीव्हची चूक माझीच हाय," तो म्हणाला. "पर मला ह्यातलं कायबी आठवत न्हाई मॅडम. त्या पेट्या न्हाईत, काय न्हाई."

"त्या रविवारी दुपारी तू काय करत होतास?" मी विचारलं.

"टँकर भराय लाइनीत हुतो."

"झोप लागली होती? तब्येत वगैरे?"

"न्हाई वं. जागाच. गड्यांसंगं बोलत हुतो."

परीक्षेचा विचार तरी मनात होता का? तर तोही नाही. कित्येक वर्षांत आला नव्हता, म्हणाला. मॅडमना मी आधीच विचारलं होतं, त्या दुपारी त्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या.

चहा आला. मॅडमनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"बिरा, मी दहा मिनिटं थांबायला हवं होतं का? पेपर होऊ द्यायचा आणि मग सांगायचं. इतकी वर्षं मी हाच विचार करतेय. तुझी नोकरी गेली त्यात."

त्यानं स्वतःचा कप खाली ठेवला.

"आवं मॅडम, सांगलीत उतरलो तवा जतची शेवटची गाडी हालली हुती. पळत जाऊन धरली. दहा मिनिटं म्हंजे ती गेलीच असती." मग म्हणाला, "बानं वळखलं मला. माझ्या हातनं पाणी प्याला. पहाटं गेला. तुमची कार्डं आल्ती, पर काय लिवायचं ते सुचंना, म्हणून ऱ्हायलं."

मॅडमनी मान हलवली. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला. मग पिशवीतून एक जाड कागद काढला. क्लासचं जुनं छापील प्रमाणपत्र, शाई नवीन. बिराप्पाचं पूर्ण नाव, वेग मिनिटाला अठ्ठावीस शब्द. व्हिडिओ लावून, घड्याळ धरून त्यांनी मोजला होता, चुका वजा करून.

"वेग कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण पास."

बिराप्पानं हात पुढे केला नाही. "मॅडम, हे मला घेता येत न्हाई. मी ती परीक्षा दिलीच न्हाई."

"मग कुणी दिली?" मॅडमनी विचारलं. रागानं नाही, चिडवायलाही नाही. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्यांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. शेवटी त्याच्या बायकोनं पदराला हात पुसले, पुढं येऊन तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि आत नेऊन ठेवला.