गच्चीवरचा पिवळा दिवा

सुधाकर गेल्याची बातमी मला त्याच्याच डब्यांनी दिली. पांढरकवड्यातल्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात मी एका मिक्सरशी झटापट करत होतो, तेवढ्यात डोंगराकडच्या पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, शेवंताबाईंचा फोन आला. त्या तिथल्या आशा सेविका. "भाऊ, सर छपरावरून उतरले, पानी मांगलं, अन् बसल्या जागी कलंडले... आता बोलूनच नाई राह्यले." आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. त्या पोडावर कुठल्याही टॉवरची रेंज पोहोचत नाही. सुधाकरने गावोगावच्या छपरांवर वायरलेस डबे बसवले होते, त्यांच्यावरून एकाकडून दुसऱ्याकडे जात तो आवाज माझ्यापर्यंत आला होता.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. हैदराबादची नेटवर्कमधली नोकरी सोडून तो परत आला तेव्हा मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. त्याने हसत हसत पहिला डबा माझ्याच दुकानावर ठोकला. अशा जाळ्यात एरवी प्रत्येक डबा शेजाऱ्याला विचारून आपापली वाट शोधतो. सुधाकरला ते पटत नव्हतं. त्याने डब्यांची अक्कलच काढून घेतली आणि घरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये नेऊन ठेवली. कुठे माकडांनी अँटेना वाकवली, कुठे बॅटरी बसली, की तो कॉम्प्युटर बाकीच्या डब्यांना नवी वाट सांगायचा.

"अबे, पन सारं डोकं एकाच खोलीत कायले ठेवतं?" मी विचारलं होतं.

"डबा फक्त शेजारचं पाह्यते. कोनीतरी सारं पाहाले पाह्यजे ना बे," तो म्हणाला. जोडीला दुसरा कॉम्प्युटर ठेवायचं त्याच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.

पोडावरून त्याचा देह आणून ठेवला तोही त्याच खोलीत. दुखवट्याच्या घरात आपण टीव्ही बंद करतो, रेडिओ बंद करतो. त्याच्या उशाशी स्क्रीन लुकलुकत होता. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, डोळे पुसत त्या कॉम्प्युटरचंही बटण बंद केलं आणि कोपऱ्यात समई लावली. घर माणसांनी भरलं होतं, पण कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. डबे बिचारे शेवटच्या हुकमावर चालत राहिले. मग वाटेतल्या एका गावचा डबा बंद पडला, आणि नवी वाट सांगायला कोणी नव्हतं. तेरवीला शेवंताबाई आल्या तोवर पोड मुका झाला होता.

तेरवीनंतर मी बटण दाबलं. वर्षानुवर्षं न थांबलेली हार्ड डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा फिरेलच असं नसतं, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. ती फिरली नाही. नागपूरला पाठवली, तिथूनही तशीच परत आली. सुधाकरने लिहिलेलं सगळं तिच्यातच होतं. डब्यांना पुन्हा आपापली वाट शोधायला शिकवावं म्हणून मी कितीदा बसलो, पण मला ते जमत नाही. शहरातून कोणी जाणकार येईल असं लोक म्हणतात... मला तसं वाटत नाही.

"बाई अडली तं टेकडीवर चढून फोन लावा लागते, भाऊ," शेवंताबाई दुकानात आल्या तेव्हा म्हणाल्या. "तोवर तिनं काय थांबावं?" मला सुधाकरचा भयंकर राग येतो, आणि मग त्याची इतकी आठवण येते की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

परवा त्याच्या घरी गेलो, तर वहिनी गच्चीवर होत्या. सुधाकर रोज सकाळी ओल्या फडक्याने सोलरची काच पुसायचा, तशीच त्या पुसत होत्या. काचेखालचा डबा शाबूत आहे.

"भाऊजी, हा पिवळा दिवा काहून लुकलुकून राह्यला?"

"हुकूम मांगून राह्यला, वहिनी. कोन्या वाटेनं पाठवू, इचारते."

"मंग सांगा ना त्याले."

त्यांनी फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. मी डब्याची वायर नीट बसली आहे का पाहावं म्हणून हात पुढे केला, तशा त्या घाईने मध्ये आल्या.

"याले तरी बंद नका करू, भाऊजी."