वेळ अमावस्येला भांडायला गेलो

लेक माझ्याकडं येते ती दर दुसऱ्या रविवारी. तिची आई आणि मी वेगळे झालो तेव्हा तसं ठरलं. मी बीदरला नौबादमध्ये राहतो, मायलेकी खटकचिंचोळीला, तिच्या आजोळी. त्या रविवारी नेमकी वेळ अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं. सगळे शेतात जातात, पूजा करतात, तिथंच जेवतात. तिच्या आईनं आधीच फोन करून सांगितलं की पोरगी आमच्याबरोबर शेतात येईल, तुम्ही पुढचा रविवार घ्या. शहाण्या माणसानं बरं म्हटलं असतं. मी हक्काची भाषा केली आणि फोन आपटला.

रविवारी बसमध्ये मी भांडणाची तालीम केली. पहिलं वाक्य शांतपणे, दुसरं जरा चढ्या आवाजात, मग कायदा. शेजारच्या म्हातारीनं विचारलंसुद्धा, बरं वाटत नाही का म्हणून.

बांधावर पोचलो तेव्हा कडब्याच्या खोपीपाशी पंगत बसत होती. माझ्या सासऱ्यांना लांबचं धड दिसत नाही. या दिवशी वाटसरूलाही उपाशी जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांनी तिथूनच हाक मारली, "या की अण्णा, आंबील पिऊन जावा." जवळ गेल्यावर त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहराच पडला. पण बोलावलेल्याला हाकलता येईना, आणि मलाही नाही म्हणवेना. निमूट मांडी घालून बसलो.

तिच्या आईनं भज्जी वाढली. ओल्या तुरीच्या, वाटाण्याच्या दाण्यांची ती बेसन लावलेली भाजी तोंडात गेली आणि माझं पहिलं वाक्य पोटात गेलं. भज्जी मी पुन्हा मागून घेतली. खटला मी तिथंच हरलो.

जेवण झाल्यावर लेक शेजारी येऊन बसली.

"अप्पा, भांडायला आलाव व्हय?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच आलो. माझा रविवार बुडायला लागला होता.

"मागल्या येळंला तुम्ही आला न्हाई. मी पिशवी भरून दारात बसले हुते. मी भांडले का कुनाबरबर?"

मागल्या वेळी ऑफिसचं काम निघालं होतं. मी ऐन वेळी फोनवर दोन शब्दांत कळवलं होतं आणि साफ विसरून गेलो होतो. मला इतकी लाज वाटली की आंबिलीचा रिकामा पेला मी पुन्हा तोंडाला लावला. पुढच्या रविवारी येऊ का, एवढंच विचारलं.

"या की. पन फोन करू नका. नुस्तं या."

पुढच्या रविवारी पहिल्या बसनं गेलो. ती अजून झोपलेली होती. तिच्या आईनं उठवू का विचारलं. मी नको म्हटलं आणि ती उठेपर्यंत दारात बसून राहिलो.