सही माझी लागते

हे पत्र नीट वाच गं, आणि वाचताना तोंड वाकडं करू नकोस. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशी, मी कुठं कमावते, माझ्या नावावर म्हातारपणाचे पैसे कशाला?" माझी भाची असून असं बोलतेस, मला बाई बरं नाही वाटलं.

आम्ही मनवेलपाड्याला चाळीत होतो तेव्हाची गोष्ट. तुझ्या काकांना ऑफिसात कुणी सांगितलं, बायकोच्या नावानं पोस्टात पीपीएफ उघडा, पैसे तुम्ही भरा, तुमचा कर वाचेल. खातं पंधरा वर्षांचं. पहिली काही वर्षं हात लावायचा नाही, मग थोडे काढता येतात. खिडकीवर बाबूनं विचारलं, "बाई काय करतात?" हे म्हणाले, "काही नाही." मी म्हटलं, "घर चालवते, तसं लिहा." त्यानं गृहिणी लिहिलं.

काढायची मुभा मिळाली त्याच वर्षी माझ्या दिराला नालासोपाऱ्यात दुकानाचा गाळा घ्यायचा होता. ह्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"सही कर. पैसे माझेच आहेत."

"भरलेत तुम्ही. खातं माझं आहे."

दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मुलगा आहे की म्हातारपणी."

"तुम्हाला दोन आहेत, भावोजी. मग तुमचा फंड का नाही मोडत?"

चहा तसाच ठेवून गेले ते. हे आठ दिवस बोलले नाहीत. जेवले मात्र वेळेवर.

राग काढला तो मार्चमध्ये. भरलेच नाहीत पैसे. तेव्हा वर्षाला शंभर रुपये तरी पडले नाहीत तर खातं बंद. मी घरखर्चातले वाचवले, भर दुपारी चालत पोस्टात गेले.

बाबू म्हणाला, "साहेब नाही आले?"

"खातं साहेबांचं आहे का?"

पावती आणून ह्यांच्या डब्याशेजारी ठेवली. वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. पुढच्या मार्चमध्ये स्वतःच विचारलं, "तुझं पासबुक कुठंय?" तुझं म्हणाले बरं का.

पंधरा वर्षं भरली तरी मी पैसे उचलले नाहीत, मुदत वाढवून घेतली. मोडायचं कधी ते मी ठरवणार. आणि मी कमावत नव्हते असं मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तुझा नवरा कुरकुरला तर त्यालाही घेऊन ये, बोलते मी त्याच्याशी. पण मार्च संपायच्या आत ये गं, दोन फोटो आण, तुझं खातं उघडायला पोस्टात मी येते बरोबर. लांबवू नकोस, ह्याच आठवड्यात ये.