गर्दीकाकांचा हिरो

अ‍ॅनिमेशनच्या त्या स्टुडिओत हिरोला हसवणारे, रडवणारे, उडवणारे कलावंत निराळे होते. गर्दीकाकांकडे अठरा वर्षं फक्त हिरोच्या मागची माणसं. ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघू नये, अशी माणसं मन लावून करायची, असं ते मानाचं काम.

दहा हजारांची गर्दी काका बारा जणांत उरकत. हालचालींच्या बारा तऱ्हा बनवायच्या आणि कॉम्प्युटरवर कुणाच्याही अंगावर चढवायच्या. पैलवानाची चाल आजीबाईला, आजीबाईची पोस्टमनला. सदरे बदलायचे, एकेकाला अर्धा सेकंद मागेपुढे सोडायचं, की झाली प्रजा तयार! लांबच्यांची तर नुसती चित्रंच; त्यांना पाय असतात ही प्रेक्षकांची समजूत.

"काका, चौकातली गर्दी आठ दिवसांत द्या," साहेब म्हणाले. "पुढचा हिरोचा शॉट तुमचा. शब्द देतो."

हा शब्द साहेबांनी आधीही तीनदा दिला होता. शब्द तोच, सदरा नवा. काका याही वेळी विरघळले.

पुढच्या रांगेत एका बाईची जागा रिकामी होती. काकांनी बायकोला घराच्या बंद दारासमोर उभं केलं आणि तिच्या हालचाली टिपायला मोबाइल रोखला.

"काय करू?"

"रोज करतेस तेच. पर्समधली किल्ली शोध."

"शोधते कुठं? लगेच सापडते मला!" असं म्हणत तिनं पर्स तीनदा उपसली. "पण सिनेमात दिसणार ना मी? धाकट्या बहिणीला कळवून टाकते."

"दिसशील, दिसशील."

आठव्या दिवशी स्टुडिओच्या पडद्यावर हिरो चौकात उतरला. दहा हजार माणसांनी टाळ्या पिटल्या आणि खोलीतले झाडून सगळे कोपऱ्यातल्या बाईकडे बघत बसले. ती पर्स उपसत होती. मधेच थांबून, कुलूप तरी लावलं होतं का, अशा चेहऱ्यानं आभाळाकडे बघत होती.

"सापडली का हो तिला?" रिसेप्शनवरच्या मुलीनं काळजीनं विचारलं.

साहेब लालबुंद झाले. "माझा हिरो जग वाचवतोय आणि तुम्ही किल्ली शोधताय? काका, ही बाई काढा. काढलीत तर हिरो तुमचा. नाहीतर गर्दी आहेच!"

एकीकडे अठरा वर्षांची हौस, दुसरीकडे मेव्हणीपर्यंत पोचलेली बातमी. दोन दिवस काका घरात बायकोची नजर चुकवत वावरले. मग त्यांनी बाई काढली आणि तिथं पोस्टमन उभा केला.

साहेबांनीही चक्क शब्द पाळला. जग वाचवून हिरो घरी येतो आणि दार उघडतो, एवढाच शॉट. आता आयुष्यात पहिल्यांदा हिरो हातात आला म्हणून माणसानं काही नवं करावं की नाही? काकांनी हात सवयीनं जुन्याच फायलीत घातला आणि बायकोची शोधाशोध उचलून हिरोच्या सहाफुटी, मिशाळ देहावर चढवली.

"वा! आता कसा माणूस वाटतोय!" साहेब खूश. "सुचलं कुठून हे?"

"घरचंच आहे," काका म्हणाले.

सिनेमा लागला. बायको बहिणीला घेऊन थेटरात हजर. चौकातल्या गर्दीत तिनं स्वतःला डोळे ताणताणून शोधलं, आणि नंतर काकांकडे असं वळून बघितलं की काका खुर्चीत निम्मे झाले.

शेवटी हिरो दारात आला. कमरेची पिशवी उपसू लागला. थांबला. आभाळाकडे बघितलं.

"अगं ताई, ही तर तू!" मेव्हणी किंचाळलीच.

सगळं थेटर हसत होतं. बायको मात्र बारकाईनं बघत होती.

"जमलंय तसं," ती काकांच्या कानाशी म्हणाली. "पण मला एवढा वेळ लागत नाही. आणि मिशा लावण्याआधी एका शब्दानं विचारायचंत तरी!"