समोरच्या दोन खुर्च्या

“सिकलसेल आहे,” नागपूरचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्यासमोर खुर्च्या दोनच. एकीवर मी, दुसरीवर रमेश. जिचा आजार होता ती माझी धाकटी बहीण कुसुम, रमेशची बायको, बाहेर बाकावर बसली होती. तिला तसं सांगितलं होतं.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. अडकतात तिथे दुखतं. आमच्या गावी, सालेकशाला, दिवसभर पाण्यात भाताची रोवणी केली की कुसुमचे पाय ठणकायचे. घरचे वात म्हणायचे.

पुढे दुखण्याचे झटके वाढले. सलाईन, रक्त, पुन्हा सलाईन. मग डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुचवलं. आमच्याकडे ते औषध नवंच होतं. रोज एक कॅप्सूल. झटके कमी होतात, पण पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून वरचेवर रक्त तपासायचं.

“आणि हे चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही,” ते म्हणाले.

“चालू करा, साहेब,” रमेश म्हणाला. कुसुम बाकावर होती.

गोंदियाच्या गाडीत मी तिला सगळं सांगितलं. ती मला बाई म्हणायची.

“बाई, गोळी मी गिळनार, अन् इचारलं कोनाले? याइले?”

“तुह्यासाठीच तं...” रमेश पुटपुटला.

“हो का? मंग पाय ठनकले का तुमीच बोंबलजा.”

रमेश हसला. ती हसली नाही.

पुढच्या खेपेला ती थेट आत जाऊन खुर्चीवर बसली. “साहेब, आज हे दोघं बाहेर बसतीन.” डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि आम्हाला दार लावून घ्यायला सांगितलं.

बाकावरून काहीच ऐकू येत नाही. बंद दार दिसतं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. “ठरलं. दोन वर्षं गोळी. मंग बंद करून लेकरू. जीवाले धोका हाये, सांगतलं त्याइनं. मीच इचारलं.”

ती दोन वर्षं चांगली गेली. एकदाही भरती व्हावं लागलं नाही. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवलं, आणि तिला दिवस राहिले.

सातव्या महिन्यात ताप आला, छातीत दुखू लागलं. अ‍ॅक्युट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे त्याच पेशींनी फुप्फुसांच्या नसा तुंबणं. अतिदक्षता विभागातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी मला आणि रमेशला बाजूला घेतलं. “बाळाचे ठोके थांबलेत. पेशंटचीही आशा कमी आहे. त्यांना सांगू नका.”

मी खाटेजवळ गेले. कुसुमने मास्क सरकवला. “काय म्हनत होते?”

मी सांगितलं.

“अन् मी?”

तेही सांगितलं. तिने माझा हात धरला. मास्क मीच परत नीट लावला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

भेटायला आलेले विचारत, “तुमी तिले अडवलं काऊन नाही?” रमेश उठून अंगणात जायचा. निर्णय तिचा होता, या वाक्याने मला अजून एकदाही झोप लागलेली नाही. औषध चालू ठेवलं असतं तर कदाचित ती आज असती. मुलाची आशा मात्र नसती. तिच्या वतीने यातलं एक निवडायला बसते, आणि जमत नाही.

त्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवलं, त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. तुमच्या माणसासाठी नव्या औषधाचं बोलणं निघेल तेव्हा त्याला बाकावर बसवू नका. खुर्ची कमी पडली तर तुम्ही उभे राहा.